दोन विटांची गुंजन

५ जानेवारी २०२५, रविवार

आधी घटना, क्रमाने. मत नंतर.

एक. आज सकाळी तायक्वांदोच्या वर्गात फरशी इतकी गार होती की मुले मोजे काढायला तयार नव्हती. वॉर्म-अप उरकला गेला. झाला असे म्हणता येणार नाही.

दोन. गुंजनने नेहमीप्रमाणे विटांवर स्प्लिट केला, एक पाय पुढे, एक मागे, सरळ पसरून. (गुंजन ही माझ्या भावाची मुलगी. अकरावीत आहे, शिक्षणासाठी गोंदियात माझ्याकडे राहते.) विटांचा प्रघात आमच्याच वर्गाचा. ज्याचा स्प्लिट जमिनीला टेकतो त्याच्या पुढच्या टाचेखाली वीट येते. तीही पचली की मागच्या पायाखाली दुसरी. इथे पट्ट्याच्या रंगाआधी विटा विचारतात. वर्गात 'दोन विटांची' एकटी गुंजन.

तीन. २६ जानेवारीच्या प्रात्यक्षिकासाठी मुख्य प्रशिक्षक इंद्रकुमार सर तिसरी वीट घेऊन आले. पुढच्या टाचेखाली विटेवर वीट. दोन मुलींनी मांड्यांवर दाब दिला. उपप्रशिक्षक या नात्याने मी समोर उभी होते. मी "कंबर सरळ" एवढेच म्हणाले.

चार. ती उठली, लगेच राउंडहाऊस किकसाठी डाव्या पायावर वळली आणि त्याच गुडघ्याची वाटी बाहेरच्या अंगाला सरकली. मी स्वतः पाहिली. तिने पाय सरळ केला. वाटी परत आली.

पाच. गुंजन हसली. म्हणाली, "असं होते माझं कधी कधी, आत्या. बसते परत."

घटना संपल्या.

मत असे की 'कधी कधी' हे मला आज कळते आहे. माझ्या घरात उशिरा येण्याचे कारणसुद्धा कागदावर लिहून द्यावे लागते, तोंडी चालत नाही. आणि गुडघा स्वतःची जागा सोडतो, ही बाब मात्र आजवर कोणी कळवली नाही! सर म्हणाले, "कुछ नहीं मॅडम, बर्फ लगा दो. बच्ची रबर है." रबर हा शब्द मीही वापरलेला आहे. पाहुण्यांसमोर, कौतुकाने.

संध्याकाळी गुडघा सुजला. उद्या दाखवणार.

६ जानेवारी, सोमवार

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाडाला काही नाही म्हणाले आणि फिजिओथेरपीसाठी नीतू नावाच्या मुलीकडे पाठवले. मुलगीच म्हणायची, माझ्या कॉलेजातल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थिनींएवढी दिसते. दवाखान्यात भिंतीवरचे घड्याळ बंद. मी तेवढ्यावरून मत बनवले होते. ते निघेपर्यंत टिकले नाही, पण घड्याळ तेव्हाही बंदच होते.

तिने गुंजनला काही हालचाली करायला लावल्या, डाव्या-उजव्या अंगाने वेगळ्या, प्रत्येकीला एक गुण. अंगठा मनगटाकडे वाकवून हाताच्या आतल्या बाजूला टेकवणे. टेकला. करंगळी मागे. मागे जाऊन उभी राहिली. कोपरे, गुडघे सरळ रेषेच्या पलीकडे जातात का? गेले. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे जमिनीवर. हे तर ती झोपेत करील.

"नऊपैकी नऊ," नीतू म्हणाली.

क्षणभर माझी मान ताठ झाली. आमच्या घरात पूर्ण गुण मिळाले की होते, तशी.

नीतूने ती पाहिली असावी. "मॅडम, इसमें टॉप नहीं करते."

मग तिने समजावले, अर्धे हिंदीत, अर्धे मराठीत. सांधे बांधून ठेवणारे पट्टे, लिगामेंट, ते गुंजनचे जन्मतःच सैल. अशी माणसे पुष्कळ असतात आणि बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. हिला त्रास सुरू झाला आहे, फरक एवढाच. पट्टे आपले काम करत नाहीत म्हणून स्नायू दिवसभर ओव्हरटाइम करतात आणि आखडतात. आखडल्यासारखे वाटते म्हणून मुलगी आणखी ताणते. "बरं वाटतं थोडा वेळ. पण ताण स्नायूला लागतच नाही, मॅडम. तो जातो सीधा सांध्यात. पहिलेच ढिलं आहे, त्याला तुम्ही विटा लावून राहिले."

"तुम्ही" हा शब्द मी ऐकून घेतला.

तिच्या सूचना: स्प्लिट बंद. दुसऱ्याने दाबणे कायमचे बंद. सांधा शेवटच्या टोकाला नेऊन त्यावर लटकून राहायचे नाही. उभे राहताना गुडघा मागे ढकलून कुलूप लावायचे नाही. मांडीचे, कमरेचे, नितंबाचे स्नायू बळकट करायचे. आणि लाथ तेवढीच वर जाईल, जेवढी हळू उचलून तिथे थांबवता येते.

"फेब्रुवारीत नागपूरला निवड चाचणी आहे," गुंजन म्हणाली.

"ये वाली नहीं, बेटा. पुढची बघू."

मी सर्व सूचना लेखी मागितल्या. नीतूने दिल्या, अक्षर वाचण्याजोगे आहे.

निघताना मी पर्स उचलली तर ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमचं कोपर पण... एकदा तपासू का?"

"रुग्ण ही आहे," मी म्हणाले.

८ जानेवारी, बुधवार

कॉलेजात फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना उजवा खांदा जागेवरून हलल्यासारखा वाटला. झोपेत दबला असेल. नोंद पुरे.

सकाळचा माझा स्प्लिट नेहमीप्रमाणे, दार लावून. माझी गोष्ट वेगळी आहे. ही लवचिकता मी शिस्तीने कमावलेली आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

चंद्रकुमार आला, आमच्या गावाहून, कामठ्याहून, तांदळाचे पोते घेऊन. माझा धाकटा भाऊ. शेती करतो आणि धानाचा व्यापार. पोते खाली ठेवायच्या आधीच सुरुवात.

"ताई, पोरगी लंगडून राहिली म्हणते. काऊन सांगितली नाही?"

"सूज उतरली आहे. उपचार सुरू आहेत."

"मी तुले उपचार नाही पुसलो. सांगितली काऊन नाही, ते पुसलो."

मी म्हणाले, निदान निश्चित झाल्यावर कळवणार होते. त्याने बूट काढले, गुंजनला पाय लांब करायला लावला, गुडघ्यावर हात ठेवला. मग मोबाइल काढून मला दाखवला. गुंजनचा विटांवरचा व्हिडिओ. राइस मिलमध्ये सगळ्यांच्या फोनवर आहे म्हणाला. मागून आवाज येतो तो माझा: "आणखी खाली, आणखी. शाब्बास."

"मी बी दाखवत होतो सगळ्याईले," तो म्हणाला. "मिरवत होतो. पण आता एक सांग. वीट भिताडाले लागते. पोरीच्या पायाखाली कायले?"

हे विधान ढोबळ आहे. त्याला तंत्रातले काही कळत नाही. तरी इथे शब्दशः लिहून ठेवते.

जाताना गुंजनला म्हणाला, "चाल घरी चार दिवस."

"नाही बाबा. व्यायाम चुकतील," ती म्हणाली. माझ्याच स्वरात. तो माझ्याकडे बघून हसला. ते हसू मला आवडले नाही.

१२ जानेवारी, रविवार

वर्गात जाहीर केले की यापुढे कोणी कोणाला दाबणार नाही. आणि विटा बाहेर.

इंद्रकुमार सरांचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हे. वर्ग त्यांनी उभा केला, फी नसलेल्या मुलांनाही ते परत पाठवत नाहीत. परंतु वाचन शून्य. "मॅडम, छब्बीस जनवरी को पूरा मैदान देखता है. विटा नहीं तो क्या दिखाएंगे? सूर्यनमस्कार?"

"तंत्र दाखवू."

"तंत्र कोई नहीं देखता, मॅडम. पब्लिक चीरफाड़ देखती है."

मागून खुशाल हसला. खुशाल ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये काम करतो, तिशीचा आहे, आणि आमच्या वर्गातला सर्वांत ताठ मनुष्य. वाकला तर बोटे नडगीपर्यंत पोहोचतात, त्याच्या पलीकडे नाही. म्हणाला, "सर, मले ठेवा ना मैदानात. माह्या सांध्याईत सिमेंट भरलं आहे. मले उभं करा आन् बाजूले लिहा, 'हा बिमार नाही'."

सगळे हसले. गुंजनही.

मग तो बॅगवर लाथा मारू लागला. कंबरेएवढ्याच, त्यापेक्षा वर त्याची जातच नाही. मी आज पहिल्यांदा नीट पाहिले. उभा पाय हलत नाही. लाथ जिथून निघाली तिथेच परत येते. बॅग साखळीसकट मागे जाते. या माणसाला मी दर रविवारी आळशी म्हणत आले, कारण त्याचा स्प्लिट होत नाही.

घरी येऊन अस्वस्थ. प्रबंधाच्या परीक्षकांनाही मी असा एखादा मुद्दा सोडू दिला नव्हता, तेव्हा स्वतःला कसा सोडू देऊ? गुंजनला स्प्लिट शिकवावा लागला नव्हता. पहिल्याच दिवशी ती त्यात बसली, जशी इतर मुले मांडी घालून बसतात. मी त्याला 'माझ्या मार्गदर्शनाचे फळ' म्हटले. खुशालने एकेक बोटभर वाकण्यासाठी जेवढे कष्ट घेतले तेवढे तिने पूर्ण स्प्लिटसाठी घेतलेले नाहीत.

आणि मी?

हा प्रश्न आज नको.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गुंजनला घेऊन कामठ्याला. आई — अनुसयाबाई, गावात अजून याच नावाने दरारा — अंगणात उन्हाला बसून तीळ निवडत होती. मी सहज केल्यासारखे तिचा हात हातात घेतला आणि अंगठा वाकवून पाहिला. टेकला. या वयात!

"काय करून राहिली वं? हात मोडतं का माहा?"

चंद्रकुमारचाही पाहिला. अर्ध्यात अडकला. गुंजनने आईला सगळे समजावून सांगितले, नीतूपेक्षा चांगले, असे मला वाटले. आईला आश्चर्य वगैरे काही नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती ओणवी झाली की संध्याकाळीच उभी राहायची, बायका चिडवत, 'अनुसये, तुही कंबर हाडाची का सुताची?' रात्री मात्र सांधे ठणकत. मग ती दुसऱ्या दिवशी अजून वाकायची, म्हणजे बरे वाटे.

"आन् तुहा तं हातच उतरत होता लहानपणी," ती मला म्हणाली. "फराक घालतानी उतरे. दोनदा उतरला. कामठ्यात कोणी बसवून दे. तुले आठवत नाही?"

मला आठवत नाही.

गुंजनने माझ्याकडे पाहिले. मी तीळ निवडायला घेतले. खडे फार होते.

रात्री गोंदियाला परत आल्यावर आरशासमोर स्वतःची तपासणी केली, पद्धतशीर, नीतूच्या क्रमाने. गुण इथे लिहिणार नाही.

१५ जानेवारी

लिहिते. नऊपैकी नऊ.

१८ जानेवारी, शनिवार

नीतूचे व्यायाम गुंजन करते. खुर्चीवर अर्धे बसून थांबणे. पाठ भिंतीला लावून थांबणे. एका पायावर उभे राहणे, गुडघा किंचित सैल ठेवून. आणि सर्वांत छळवादी, लाथ हळू उचलून तिथेच धरून ठेवणे. जी मुलगी डोक्यावरच्या दिव्याला लाथ लावायची, तिचा पाय हळू उचलला की कंबरेपाशी थरथरायला लागतो.

आज रडली. आवाज न करता. मी तत्परतेने समजावायला बसले की झोक्याने गेलेली उंची ही उंचीच नव्हे, जी धरता येते तीच आपली. वाक्य मला स्वतःलाच आवडले.

ती म्हणाली, "आत्या, पाहुणे आले का तू मले कधी बोलवायची?"

मी म्हणाले, प्रश्नाचा संबंध काय.

"विटा मांडल्या का बोलवायची. 'या, गुंजन बघा.' रसायनशास्त्रात माझा पहिला नंबर आला तेव्हा नव्हती बोलवली. आता विटा गेल्या. आता कायले बोलवशील?"

मी गॅसवर दूध आहे म्हणून उठले. दूध नव्हते.

२० जानेवारी, सोमवार

आज स्प्लिट करायचा नाही असे ठरवले. कॉलेजात शिकवताना कंबर आवळून आल्यासारखी, मांड्यांत तारा ताणलेल्या, एका जागी उभे राहवेना. तीन वेळा गणित चुकले. मुली एकमेकींकडे बघत होत्या.

रात्री केला. दार लावून. शरीर एकदम शांत झाले, सकाळपासून पहिल्यांदा.

नीतूने याचेच वर्णन केले होते, मला माहीत आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

जिल्हा तायक्वांदो संघटनेला रीतसर अर्ज दिला, प्रत इंद्रकुमार सरांना. मागण्या: सरावात एकमेकांना दाबण्यास मनाई. विटांचा वापर बंद. पट्ट्याच्या परीक्षेतून स्प्लिटचे गुण वगळणे. प्रत्येक मुलाची सांध्यांची तपासणी एकदा तरी. आधार म्हणून नीतूची सही असलेली टिपणी जोडली.

सचिवांनी अर्ज हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "देख लेंगे मॅडम."

"पोच द्या. आणि निर्णय लेखी कळवा."

सर बाहेर स्कूटर काढत होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला तर लग्नाची पत्रिका पण सही-शिक्क्याची लागेल." मग थोडे थांबून, "ते टपालातून आलेलं उत्तर तुम्ही फाइलला लावाल. तेवढ्याने दाबणं बंद होते का? पोट्टे घरी जाऊन एकमेकाले दाबतात. तुम्हीच शिकवलं आहे, मीच शिकवलं आहे."

मी अर्जाची प्रत पर्समध्ये ठेवली.

२६ जानेवारी, रविवार

प्रात्यक्षिक.

सरांनी विटा आणल्याच होत्या, पांढऱ्या कागदात गुंडाळून, वर तिरंगी रिबन. मला पाहून म्हणाले, "सिर्फ रखी हैं." निवेदकाच्या कागदात मात्र बदल कोणी केला नव्हता. त्याने माइकवर ओरडून सांगितले, "और अब आ रही है, दो ईंटों वाली गुंजन!"

मैदानात टाळ्या. मी उठले होते, निवेदकाकडे जाण्यासाठी. गुंजन माझ्या आधी निघाली.

ती मधोमध गेली. विटांपाशी वाकली. मला वाटले, संपले सगळे. सोळा वर्षांची मुलगी, एवढे मैदान, एवढी माणसे, तीन आठवडे अपमान वाटेल असे व्यायाम. बसेल. मीही बसले असते.

तिने विटा उचलल्या, चटईच्या बाहेर नेऊन ठेवल्या, एकीवर एक, नीट कडा जुळवून. परत मधोमध आली. डावा गुडघा किंचित सैल. उजवा पाय हळू उचलला, कंबरेपर्यंत. थांबवला. पायाची कड एका रेषेत, हात जागेवर, हनुवटी सरळ. धरून ठेवला. मग तितकाच हळू खाली. पुन्हा. दुसऱ्या पायानेही.

मैदान कंटाळले. माझ्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "ईंट वाला कब होगा?" मुले शेंगदाण्याच्या पुड्यांकडे वळली. शेवटी टाळ्या पडल्या त्या खुशालच्या, आणि त्या त्याने एकट्याने इतका वेळ वाजवल्या की लोक लाजून सामील झाले.

इतके अचूक काम आमच्या वर्गातल्या कोणाकडूनही मी पाहिलेले नाही, हे इथे नमूद करते. हेही नमूद करते की ते चालू असताना मी आजूबाजूला बघत होते, कॉलेजातले कोणी आले आहे का. कोणी नसावे असे मला वाटत होते.

परतताना ती म्हणाली, "आज नागपूरचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती."

"हो."

"मी नाही भरला. तुझं वाक्य लिहून ठेवलं फॉर्मच्या मागे. जी धरता येते तीच आपली."

मी तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर चालणे अवघड झाले असते.

२९ जानेवारी, बुधवार

सरांचा फोन. विटा वर्ग भरतो त्या सभागृहाच्या मागच्या चाफ्याच्या आळ्याला लावल्या म्हणाले. दाबणेही बंद. "और मॅडम, वो स्लो वाली किक जरा हमको भी सिखाना. मैं घर पे किया, गिर गया."

मी म्हणाले, संघटनेचे लेखी उत्तर अजून यायचे आहे.

"आप भी ना," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहाच्या वेळी.

"आत्या, तू डाव्या हाताने कप काऊन धरून राहिली?"

"सहज."

"आणि पहाटे तुझ्या खोलीत चटई सरकते त्याचा आवाज येते."

"झाडते."

गुंजनने बिस्किट चहात बुडवले आणि ते विरघळून तळाला जाईपर्यंत बघत राहिली. मग आपले व्यायाम करायला गेली. दार उघडे ठेवून.

मी खोटे बोलत नाही. हे वाक्य मी वर्षानुवर्षे वर्गात, विभागात, घरात बोलत आले. चटई झाडली होती, नंतर. तेवढ्यापुरते ते खरे होते. अशा युक्तिवादाला मी विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत शून्य देते.

५ फेब्रुवारी, बुधवार

स्वच्छ विचार करण्याचा प्रयत्न.

समजा, माझी गोष्ट वेगळी आहे. कोणत्या अर्थाने? वय. ते माझ्या विरुद्ध जाते. अनुभव. अनुभवाने सांध्यांचे पट्टे घट्ट होत नाहीत. त्रास नाही म्हणावे तर खांदा आहे. मी प्रौढ आहे, माझा देह माझा. हे मान्य. पण हे 'वेगळे असणे' नव्हे, ही केवळ परवानगी झाली आणि ती मीच मला दिली. विधान सिद्ध होत नाही.

मग थांबत का नाही?

कारण पहाटे त्या चटईवर दोन्ही पाय पसरून छाती जमिनीला टेकते तेवढा वेळच मला कोणी मागे टाकलेले नसते. पीएच.डी. आता सर्वांकडे असते. ब्लॅक बेल्ट गल्लोगल्ली. हे मात्र माझ्या बरोबरीच्या एकीलाही जमत नाही. आणि आता कळते की त्यात माझे असे काही नव्हते. आईच्या हातांतून आले, फ्रॉक घालताना निखळायचे तेच.

उद्यापासून बंद.

६ फेब्रुवारी

बंद ठेवले नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नीतूकडे गुंजनची तपासणी. वाटी स्थिर, मांडीला जोर आला आहे, जूनपासून हळूहळू लढतीचा सराव सुरू करता येईल म्हणाली. गुंजन इतकी खूश झाली की नीतूच्या गालाचा पापा घेतला. रस्त्यात मला म्हणाली, "आत्या, तूही तपासून घ्यायचं ना. होती ना तिथंच."

"पुढच्या वेळी."

"लिहून दे."

आम्ही दोघीही हसलो. मी जरा जास्त.

९ फेब्रुवारी, रविवार

डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा नाही.

पहाटे हात मागे नेऊन छाती ताणताना उजवा खांदा निखळला. मी ओरडले असावे. गुंजन आली. चटई, मी, सगळे पाहिले. हात ओढला नाही, उशीचा आधार देऊन ओढणीने छातीशी बांधला, रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा बसवला.

रात्री जेवण वाढले. भात कालवून दिला, मला कालवता येईना. मग समोर हीच वही आणि पेन ठेवून म्हणाली:

"मी नागपूर सोडलं, आत्या. तू काय सोडशील, ते लिही. तोंडी चालणार नाही. सकाळपर्यंत लेखी उत्तर पाहिजे."